सिकलसेलच्या प्रयोगात अँटिसेन्स ऑलिगो: पुरावा किती हवा?

गोदाकाठ, नाशिक
मी नाशिकला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करीत आहे. सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर सिकलसेलचे (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत, म्हणून प्रकल्पासाठी हाच आजार घ्यावा अशी मनापासून इच्छा आहे. बीसीएल११ए हे प्रथिन जन्मानंतर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे जनुक दाबून ठेवते; ते हिमोग्लोबिन वाढले तर सिकलसेलचा त्रास कमी होतो. बीसीएल११एच्या आरएनएला जुळणारा अँटिसेन्स ऑलिगो (न्यूक्लिक आम्लाचा छोटा कृत्रिम तुकडा) के५६२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या रक्तकर्करोगाच्या पेशींना देऊन ते हिमोग्लोबिन वाढते का, हे पाहायचे आहे. क्यूपीसीआरवर (आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) आरएनए घटलेला दिसला, तर तेवढा पुरावा चालेल का?

प्रयोगवही
तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. आपण बहुधा गॅपमर या प्रकारचा ऑलिगो वापराल. त्याचा मधला भाग डीएनएचा असतो, तो लक्ष्य आरएनएला चिकटला की पेशीतलेच आरएनेज एच हे एन्झाइम त्या जोडीतला आरएनए तोडते. मात्र ऑलिगो टिकून राहावा म्हणून त्याच्या कण्यात जे फॉस्फोरोथायोएट बंध घालतात, ते पेशीतल्या प्रथिनांनाही चिकटतात, आणि पेशी आजारी पडल्या तरी अनेक जनुकांची पातळी हलते. म्हणून त्याच रसायनाचा, तेवढ्याच लांबीचा, पण क्रम न जुळणारा ऑलिगो शेजारच्या वेलमध्ये (पेशी वाढवायच्या थाळीतल्या खळग्यात) तुलनेसाठी हवाच. शिवाय एकाच आरएनएवरच्या दोन वेगळ्या जागांसाठी दोन ऑलिगो घ्या. दोघांचा परिणाम सारखा आला, तरच तो बीसीएल११एमुळे आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन तपासण्याची चाचणीही करा, कारण आरएनए गेला तरी आधी तयार झालेले प्रथिन काही काळ शिल्लक राहते.

अस्थिमज्जा
माझी हरकत पेशींच्या निवडीला आहे. के५६२ पेशी मुळातच गर्भावस्थेतील आणि भ्रूणावस्थेतील ग्लोबिन बनवतात. जे आधीच चालू आहे ते आपण चालू केले, हे दाखवणार कसे? प्रौढ हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एचयूडीईपी-२ पेशी किंवा सीडी३४ पेशींपासून (रक्ताच्या मूळ पेशींपासून) वाढवलेल्या लाल पेशी घ्या. लक्ष्य मात्र योग्य आहे: २०२३ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता मिळालेल्या जनुकसंपादन उपचारात बीसीएल११एच्याच लाल पेशींपुरत्या नियंत्रक भागात बदल केला जातो.

गोदाकाठ, नाशिक
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हेच काम एसआयआरएनएने (लक्ष्य आरएनए तोडायला लावणाऱ्या छोट्या दुहेरी आरएनएने) सोपे होईल का? आणि हा ऑलिगो पुढे औषध म्हणून उपयोगी पडेल का?

प्रयोगवही
एसआयआरएनए चालेल, पण तो मुख्यतः पेशीद्रवात काम करतो, तर आरएनेज एच केंद्रकातही असते, त्यामुळे गॅपमरला इंट्रॉनही (आरएनएतून केंद्रकातच कापून टाकला जाणारा भाग) लक्ष्य करता येतो. औषधाबाबत घाई नको. शिरेतून किंवा त्वचेखाली दिलेला ऑलिगो प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडात साठतो, अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींपर्यंत पुरेसा पोचवणे कठीण आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला नुसिनर्सेन हा ऑलिगो थेट पाठीच्या कण्यातील द्रवात देतात, तेही मज्जारज्जूतील चेतापेशी गाठण्यासाठीच. प्रबंधात ऑलिगोला जनुकाचे काम तपासण्याचे साधन एवढेच म्हणा, आणि आधी एचयूडीईपी-२ पेशी कोणाकडून मिळतील ते मार्गदर्शकांना विचारून घ्या.