भाड्याचं घर आणि येण्याजाण्याचं गणित : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, अकरा वर्षांत पाचवं भाड्याचं घर शोधतोय. आधीच्या चारांपैकी एकही घर मी घर वाईट म्हणून सोडलं नाही. भिंती कोरड्या होत्या, शेजारी बरे होते, घरमालक एक सोडून सगळे देवमाणूस. चारही वेळा वैतागलो तो येण्याजाण्याला. म्हणून या खेपेला आधी विचारून घेतोय. भाग निवडताना तुम्ही प्रवासाचं काय पाहिलंत, कुठे फसलात, काय जमून गेलं? सल्ले नकोत, ते वाटेल तेवढे मिळतात. घडलेलं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. दुसऱ्या घराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘स्टेशन ५ मिनिटांवर’. एजंट मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला आणि खरंच पाच मिनिटांत पोचलो, त्यामुळे त्याला खोटारडा म्हणायची सोय नाही. राहायला गेल्यावर पहिल्या सोमवारी घड्याळ लावून निघालो. लिफ्ट सातव्या मजल्यावर यायला दोन मिनिटं. मागच्या फाटकाला कायमचं कुलूप, म्हणून पुढून वळसा. सिग्नलला दीड मिनिट. स्टेशन आमच्या खिडकीतून दिसायचं, पण रुळांच्या पलीकडे, आणि पादचारी पूल पार दुसऱ्या टोकाला. पूल चढून-उतरून फलाटावर पाय टेकला तेव्हा १९ मिनिटं झाली होती. जपानात म्हणे घराच्या जाहिरातीत चालण्याचा वेळ मिनिटाला ८० मीटर या ठरलेल्या हिशेबानेच लिहावा लागतो. त्यात सिग्नल आणि चढ धरत नाहीत, पण निदान मोटरसायकल तरी धरत नाहीत.

*

रात्रपाळी

माझी चूक अगदी साधी. घर बघायला गेले ती दुपारी चारला. कोपऱ्यावरच थांबा, आठ-आठ मिनिटांनी बस, बसमध्ये जागाही. लगेच हो म्हणून टाकलं. माझी पाळी सुटते रात्री साडेअकराला. शेवटची बस १०:५० ची. हे मला कळलं कधी, तर पहिल्याच रात्री रिकाम्या थांब्यावर उभी राहिल्यावर. थांब्यावरचं वेळापत्रक उन्हाने पांढरं पडलेलं, मोबाइलचा उजेड पाडून वाचलं.

त्यानंतर सात महिने रोज रात्री टॅक्सी. स्वस्त भाग म्हणून तिथे गेले होते आणि जे वाचलं ते सगळं टॅक्सीत गेलं. पैशाचं एक वेळ सोडा. खरा जाच शेवटच्या चारशे मीटरचा होता, कारण गल्ली अरुंद आणि टॅक्सीवाले आत यायला तयार नसत. दिवसा ज्या गल्लीत मुलं खेळायची तिथे रात्री एकच दिवा, तोही मधूनमधून. आता कुठलंही घर रात्री बारा वाजता बघून येते. आत नाही जात, बाहेरूनच.

*

गाडी बदलणारा

माझ्यापुढे दोन भाग होते. एकातून थेट बस, ५५ मिनिटं. दुसऱ्यातून मेट्रो, मग बस, मग पुन्हा बस, मिळून ४०. पंधरा मिनिटं कोण सोडेल? मीही नाही सोडली.

ते चाळीस मिनिटं मला पहिल्या महिन्यात दोनदा मिळाले. मधली बस ‘दर दहा मिनिटांनी’ होती, पण पाटीवर. प्रत्यक्षात वीस मिनिटं शुकशुकाट आणि मग दोन बस एकामागे एक. ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडायचो, पण त्याचा दोष नसतो हे पुढे समजलं. एका बसला जरा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर माणसं जास्त साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला गाठते. दहा मिनिटांचं अंतर नीट पाळलं गेलं तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटं उभं राहावं लागतं. त्याच बस जोडीने आल्या तर दहा. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच.

शिवाय थांब्यावरची दहा मिनिटं आणि खिडकीपाशी बसून काढलेली दहा मिनिटं एक नव्हेत. वाहतुकीचे आराखडे करणारे लोकही वाट बघण्याचा वेळ बऱ्याचदा दुप्पट धरतात. मी दोन ठिकाणी वाट बघत होतो, तेव्हा माझे ४० कुठे गेले ते ओळखा. हल्ली थेट बसच्या भागात राहतो. ५५ ची कधी ६५ होतात. राग येत नाही.

*

शेवटचा थांबा

मी मुद्दाम टर्मिनसजवळ राहते. प्रवास ७० मिनिटांचा, ऐकणारा प्रत्येक जण हळहळतो. पण मला रोज बसायला जागा मिळते, डाव्या बाजूची, दारापासून लांबची. माझ्या पुढच्या तिसऱ्या थांब्यावर राहणारी सहकारी ६० मिनिटांत पोचते, एका पायावर. गेल्या वर्षी या जागेवर बसून एक परीक्षा पास झाले.

येताना मात्र मीही एका पायावरच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑफिस काही टर्मिनसला नाही.

*

दोघांचं एक घर

लग्नानंतर घर बघायला निघालो. त्याचं ऑफिस शहराच्या एका टोकाला, माझं दुसऱ्या. आम्ही शहाण्यासारखा मध्य काढला. नकाशावर कंपासने दोन वर्तुळं, जिथे छेदतात तिथे घर. न्याय झाला. त्या न्यायाने दोघंही रोज सव्वा तास एकीकडे, आणि आठ वाजता घरी येऊन एकमेकांशी बोलायचं त्राण नाही.

वर्तुळ काढणं हीच गफलत होती. शहरात माणूस सगळ्या दिशांना सारखा पळत नाही. मेट्रोच्या रेषेवर वर्तुळ लांब सोंडेसारखं पसरतं, नदी किंवा रूळ आडवे आले की चेपतं. वेळेचे नकाशे काढायची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८१ सालीच लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं, ते रंगांच्या पट्ट्यांनी दाखवलं होतं. आम्ही मात्र शाळेतला कंपास घेऊन बसलो.

दुसऱ्या वेळी वेगळा प्रश्न विचारला. उशीर झाला तर कोणाचं जास्त बिघडतं? त्याला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येतं. मला हजेरी साडेआठची, आणि पाळणाघरातून लेकीला आणणंही माझ्याच वाटेवर. घर माझ्या बाजूला घेतलं, मला वीस मिनिटं. त्याला दीड तास, पण तीनच दिवस. पहिले दोन महिने त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मग त्यानेच लेकीला आणायचे दोन दिवस आपल्याकडे घेतले. नाराजी गेली असं म्हणणार नाही. वाटून घेतली गेली.

*

तासभर तर लागणारच

जवळच घर हवं हा हट्ट मला जरा अती वाटतो. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं होतं की माणूस दिवसाकाठी साधारण तासभर प्रवासाला देतो, पायी असो वा गाडीने. वाहनं वेगवान झाली की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. मूळ निरीक्षण याकोव्ह झहावी यांचं, असं ते स्वतःच सांगतात.

मी एकदा ऑफिसपासून १२ मिनिटं चालत अंतरावर घर घेतलं. महाग, अंधारं, पण १२ मिनिटं! आठव्या महिन्यात ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हललं. घर तिथेच, करार तसाच, आणि त्या भागातून बाहेर पडायला एकच बस. तेव्हापासून ऑफिसजवळ घर बघत नाही. जिथून दोन-तीन मार्ग फुटतात अशा जंक्शनजवळ बघतो. नोकरी बदलली तरी घर हलवावं लागत नाही.

*

सायकलवाली

वरच्यांना : तो तास सगळ्यांना सारखा सोसत नाही. स्टुट्झर आणि फ्राय या दोन स्वित्झर्लंडच्या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासून २००८ मध्ये लिहिलं आहे की लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. म्हणजे स्वस्त भाडं किंवा जास्त पगार ती कसर भरून काढतो हे काही खरं नाही.

माझा हिशेब ६ किलोमीटरचा. जाताना २२ मिनिटं, येताना ३०, कारण येताना चढ. हा चढ गाडीतून कधी दिसला नव्हता, मांड्यांना पहिल्या दिवशी दिसला. भाग ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. वाटेत जड वाहनांचा रस्ता कितीदा ओलांडावा लागतो, इमारतीत सायकल तळमजल्यावर ठेवू देतात का, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी दुसरं काय. तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असल्याने एक फार सुंदर घर सोडलं. गच्ची अजून आठवते.

*

येणार आहे, येणार आहे

‘सहा महिन्यांत मेट्रो सुरू होतेय, मग भाडं बघा कुठे जातं!’ असं सांगून मला घर दिलं. दोन वर्षं राहिलो. भाडं गेलं वरती, मेट्रो आली नाही. बॅरिकेड आले. रस्त्याच्या तीन मार्गिकांची एक झाली आणि होता तो बसथांबा अर्धा किलोमीटर लांब गेला. मी सोडल्यावर वर्षभराने मेट्रो सुरू झाली. एकदा मुद्दाम बसून गेलो. माझी जुनी खिडकी दिसली, पडदा नवा होता.

*

चौसष्ट पायऱ्या

आईचे गुडघे. तुमच्या वेळापत्रकात हे कुणाच्याच नाही म्हणून लिहितोय. स्टेशन घरापासून तीन मिनिटांवर, गाड्या भरपूर, आईचा दवाखाना चौथ्या स्टेशनवर. सगळं जुळलं होतं. स्टेशनला लिफ्ट होती. बंद. दाराला दोरी, दोरीवर ‘काम चालू आहे’. काम करणारं कुणी मी एकदाही पाहिलं नाही. ६४ पायऱ्या. आई दर आठ पायऱ्यांना थांबायची आणि मागून येणाऱ्यांना ‘जा बाबा, जा’ म्हणत कठड्याला चिकटायची. चौथ्या खेपेला म्हणाली, आता बरं वाटतंय, दवाखाना नको. बरं वाटत नव्हतं.

नवीन घर स्टेशनपासून लांब आहे. दारात बस येते, खालच्या पायरीची.

*

धागा काढणारा पुन्हा

सगळ्यांचं वाचलं, काही बायकोला वाचून दाखवलं. पायऱ्यांचं वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोन घरं उरली आहेत. पहिल्यासाठी मंगळवारी सकाळी रजा टाकून थांब्यावर वही घेऊन उभा राहिलो. बस आल्या त्या ८:०४, ८:०६, ८:२७, ८:२९, ८:३१. पाटीवर ‘दर ८ मिनिटांनी’. ८:२७ च्या बसचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं, मधे कुणी चढू शकलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही बसखात्याचे का? नाही म्हटल्यावर त्यांनी तक्रारी सांगायच्या थांबवल्या.

दुसऱ्या घराच्या मालकांना आज फोन केला. म्हटलं, गुरुवारी सकाळी सव्वाआठला येतो, तुमच्या फाटकापासून ऑफिसपर्यंत जाऊन बघायचंय, आणि रात्री बाराला पुन्हा एक चक्कर. ते म्हणाले, मग किल्ली घेऊन कधी येऊ? किल्लीचं माझ्या डोक्यातच नव्हतं.