सेमी-ऑटोमॅटिक रायफल: नाशिकमध्ये परवान्यावर घेता येते का, आणि पहिला अनुभव कसा असतो?

प्रश्न (गोदाकाठचा नेमबाज)

नमस्कार. मी नाशिकरोडला राहतो आणि हौस म्हणून दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. ह्यूस्टनला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने नुकतीच एआर-१५ पद्धतीची नवी सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) रायफल घेतली असून, त्याने पाठवलेल्या चित्रफिती पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. रीतसर परवाना काढून अशी रायफल इथे घेता येते का, आणि येत नसेल तर कोणत्या रायफलीचा विचार करावा, हे जाणकारांनी सांगावे. ज्यांनी ती प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी पहिला अनुभवही लिहावा. मी डावखुरा आहे, त्या अंगाने काही अडचण येते का?

उत्तर (कायदेवाला)

आपण म्हणता ती रायफल भारतात खासगी व्यक्तीला सामान्य परवान्यावर मिळत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे, काही अपवाद सोडता, प्रतिबंधित प्रवर्गात येतात, आणि अशा शस्त्रासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ७ नुसार थेट केंद्र सरकारची खास परवानगी लागते. ती नसताना असे शस्त्र जवळ सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे ‘कुणीतरी मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

नाशिकरोड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत असल्याने आपला अर्ज आयुक्तालयाकडे जाईल. ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

उत्तर (ह्यूस्टनचा नाशिककर)

मी मूळचा पंचवटीचा. मागच्या हिवाळ्यात ५.५६ मिमीची, सोळा इंची नळीची एआर-१५ घेतली, म्हणून अनुभवापुरते लिहितो. खरेदी आश्चर्य वाटावे इतकी सरळ होती: दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रायफल हातात आली. टेक्सासमध्ये त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मंडळींनी मित्राची रायफल सहज म्हणून हातात घेण्यापूर्वीही नियम पाहावेत, कारण शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगण्याची बंदी आहे.

रिकामी रायफल तीन किलोच्या आसपास भरते, आणि एअर रायफलची सवय असलेल्याला ती खेळण्यासारखी हलकी वाटते. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाची, लांबी मागेपुढे करता येते, त्यामुळे माझी पत्नी आणि मी एकच रायफल वापरतो. पहिली गोळी झाडली तेव्हा धक्क्यापेक्षा आवाजाने दचकलो. धक्का खरोखरच सौम्य आहे, कारण मागे सरकणारा बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा भाग) दस्त्यातल्या स्प्रिंगवर येऊन थांबतो. त्या स्प्रिंगची बारीक झणझण गालापाशी ऐकू येते, तिची सवय व्हायला वेळ लागला. छप्पर असलेल्या रेंजवर मी कानात बोळे घालून वरून कान झाकणारे मफही लावतो. चाप मात्र निराश करणारा निघाला: जड, आणि सुटण्याआधी वाळूवरून ओढल्यासारखा खरखरीत. सामन्याच्या रायफलीचा चाप ज्याने ओढला आहे त्याला हे पहिल्या पाच गोळ्यांतच जाणवेल.

साफसफाईसाठी दोन पिना ढकलल्या की रायफलीचे वरचे आणि खालचे अंग वेगळे होते. पण गोळीमागचा वायू नळीतून थेट बोल्टच्या भागात परत येतो, त्यामुळे तिथे काजळी भरपूर साचते. डावखुऱ्यांसाठी सांगायचे तर रिकामी काडतुसे उजवीकडे, म्हणजे तुमच्या तोंडासमोरून, उडतात. ती बाहेर पडतात त्या खिडकीमागचा उंचवटा त्यांना चेहऱ्याकडे येऊ देत नाही, तरीही चष्मा आणि बंद गळ्याचा शर्ट हवाच. सुरक्षा-खटका दोन्ही बाजूंना असलेले मॉडेल पाहावे.

उत्तर (निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प)

वरील वर्णन वाचून आमची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, सैन्याची जुनी रायफल) आठवली. तीही सेमी-ऑटोमॅटिकच: एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते, पण चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय सुटत नाही. तिची ७.६२ मिमीची गोळी खांद्याला चांगलीच जाणवायची. दस्ता खांद्यात घट्ट रोवला नाही तर दुसऱ्या दिवशी निळा डाग दिसायचा. तिच्यानंतरची इन्सास रायफल ५.५६ मिमीची आली तेव्हा धक्का कमी झाला, हे खरे. मात्र पुढची गोळी आपोआप भरली जाते या सोयीमुळे नवा जवान नेम धरण्याआधीच चाप ओढू लागतो, आणि ही खोड मोडायला उस्तादांचा घसा कोरडा पडतो.

उत्तर (रेंजवरचा प्रशिक्षक)

सुभेदार साहेबांनी नेमके बोट ठेवले. खेळ म्हणून रायफल घ्यायची असेल तर सेमी-ऑटोमॅटिकचा मोह खेळाच्या दृष्टीनेही उपयोगाचा नाही, कारण ऑलिम्पिकमधल्या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमीचे असते. तिथे वेगाचा काय उपयोग? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांचे नेमबाजीचे सुरुवातीचे शिक्षण आपल्या नाशिकमध्येच झाले, आणि त्यांचा प्रकार .२२ इंच बोअरच्या अशाच एकेक गोळी भरण्याच्या रायफलीचा आहे.

आपण आधी स्वतःची चांगली पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) एअर रायफल घ्यावी. बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिमी आणि ऊर्जा वीस ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, आणि सामन्याच्या रायफली सात-आठ ज्यूलच्याच असतात. डावखुऱ्यांसाठी वेगळा दस्ता मिळतो; उजव्या हाताच्या रायफलीवर जुळवून घेऊ नका, मान कायमची वाकडी बसते. पुढे क्लबच्या .२२ वर हात बसला की मगच परवान्याचा अर्ज करावा.

गोदाकाठचा नेमबाज

सर्वांचे आभार. .२२ मध्येही सेमी-ऑटोमॅटिक रायफली असतात असे वाचले. त्या चालतात का?

कायदेवाला

रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाच्या .२२ रायफली प्रतिबंधित नसलेल्या तिसऱ्या प्रवर्गात आहेत, पण त्यांतली सेमी-ऑटोमॅटिक मॉडेल बंदीतून सुटतात असे गृहीत धरू नये. पैसे मोजण्यापूर्वी त्या विशिष्ट मॉडेलचे नाव लिहून आयुक्तालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. दुकानदाराचे तोंडी आश्वासन चौकशीत कामी येत नाही.