सल्लेखना आणि इच्छामरण एकच कसं?

सल्लेखना म्हणजे जैन धर्मात शेवटी हळूहळू अन्नपाणी सोडून देह ठेवणं; कुणीतरी म्हटलंय की ते धर्माच्या नावाखाली इच्छामरणच, ते काय मला पटत नाही. आमच्या कोल्हापूर भागात, शिरोळ-हातकणंगल्याकडं तर जास्तच, जैन समाज मोठा आहे, गल्लीतल्या एका आजींनी सल्लेखना घेतली तेव्हा मी लहान होतो पण बघितलंय, आधी एकेक पदार्थ सोडला, मग नुसतं पाणी, घरात णमोकार मंत्र चालू, रडारड नाही. मरण लवकर यावं असं मनात आणणं हासुद्धा त्यात दोषच मानतात, मग इंजेक्शन देऊन संपवणं कुठं आणि हे कुठं! दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ ला कुंथलगिरी तीर्थावर असाच देह ठेवला. राजस्थान हायकोर्टानं २०१५ च्या ऑगस्टमध्ये याला आत्महत्या ठरवलं, पण त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्टे दिला.

व्हेंटिलेटर काढायचा की नाही हे प्रकरण वेगळं, तिथं धर्म राहतो बाजूला आणि बिल येतं मध्ये (लिहायला बरं वाटत नाही, पण खरंय). सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालापासून लिव्हिंग विल (बरं होण्याची आशा नसेल तर मशिनवर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवणं) चालतं, २०२३ पासून तर दोन साक्षीदार आणि नोटरी असला तरी पुरे, ते करायला मॅजिस्ट्रेटकडं जायला नको. बाबांना म्हटलं करूया का तुमचं, तर म्हणाले आधी जेवू दे.