मदत हवी आहे : गर्विष्ठ सुपरहीरोवर छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म, नियोजन कसं करावं?

रेघोटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून टूडी अ‍ॅनिमेशन फिल्म करतोय. लांबी ३ मिनिटं, हाताशी ४ महिने. दोन लॅपटॉप आहेत, १६ जीबी रॅमचे. पेन टॅब्लेट एकच. खर्चाला ४० हजार रुपये.

कथा अशी. गिरगावातल्या चाळीत महातेज नावाचा सुपरहीरो राहतो. कुणी बघत असेल तरच तो मदतीला धावतो. पहाटे पाणी यायच्या वेळेला गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा उभा पाइप फुटतो. पाइप दाबून धरायचं सोडून महातेज टाकीच उचलून दाखवतो, त्या झटक्याने चीर आणखी वाढते. शेवटी चाळकरी खालच्या नळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात रांग लावतात आणि बादल्या वर पोचवतात. महातेज सगळ्यांची माफी मागतो, तिथे अर्ध्या मिनिटाचं भाषण आहे.

विचारायचं आहे ते असं: वेळेत होईल का? त्याचा गर्व सध्या संवादांतूनच कळतो, ते चालेल का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आणि आवाज घरीच रेकॉर्ड केला तर काय सांभाळावं?

चौकट२४

आधी गणित मांडा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ३ मिनिटांच्या ४३२० फ्रेम होतात. टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून काम केलं, तरी २१६० चित्रं. रफ (कच्ची रेषा), क्लीनअप (पक्की रेषा) आणि रंग धरून नव्या हाताने दिवसाला १० चित्रं नीट निघतात असं समजा. दोघं जण चित्रं काढणार असतील तर १०८ दिवस नुसत्या अ‍ॅनिमेशनलाच जातील. शिवाय हे एका पात्राचं गणित आहे. एका शॉटमध्ये दोन पात्रं हलली की चित्रं दुप्पट.

फिल्म ९० सेकंदांची करा. १०८० चित्रं, दोघांना ५४ दिवस, आठवड्याला ६ दिवस धरले तर ९ आठवडे. पटकथा आणि पात्ररचना २ आठवडे, स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं) आणि त्यांचा आवाजासकट कच्चा व्हिडिओ म्हणजे अ‍ॅनिमॅटिक २, कंपोझिटिंग (चित्रं आणि बॅकग्राउंड एकत्र जोडणं) २, आवाज आणि अंतिम एक्सपोर्ट २. झाले १७ आठवडे. बॅकग्राउंड तिसऱ्या माणसाने अ‍ॅनिमेशन चालू असतानाच रंगवत जायची. या आखणीत सुट्टीचा आठवडा नाही, म्हणून होल्ड (एकच पोझ थांबवून ठेवणं) आणि लूप (तीच चित्रं फिरवत राहणं) वापरून चित्रं ७५०च्या आसपास आणावीच लागतील. ती बचत स्टोरीबोर्डवरच ठरवा. अ‍ॅनिमेशन सुरू झाल्यावर कापाकापी केली तर काढून झालेली चित्रं वाया जातात.

९० सेकंदांत २२ ते २५ शॉट बसतात. प्रत्येक शॉटपुढे तीनच गोष्टी लिहा: किती फ्रेम, किती पात्रं हलतात, कोणतं चित्र दुसऱ्या शॉटमध्ये परत वापरता येईल. मग कच्च्या आवाजासकट अ‍ॅनिमॅटिक तयार करा आणि कथा माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा. ‘फिल्म आवडली का’ असं विचारू नका. ‘याला नक्की काय हवं होतं?’ असं विचारा. पाचांपैकी तिघांनी ‘लोकांनी बघावं असं हवं होतं’ या अर्थाचं काही सांगितलं तर अ‍ॅनिमॅटिक पक्कं करा. नाहीतर चित्र काढायला बसू नका.

सॉफ्टवेअरला पैसे घालवायची गरज नाही. ओपनटूंझ, क्रिटा आणि ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल (थ्रीडी जागेत टूडी रेखाटायचं साधन) ही तिन्ही फुकट आहेत. कागदासारखं फ्रेममागून फ्रेम काढायचं असेल तर ओपनटूंझ. त्यात एक्सशीट (कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र याचा तक्ता) आहे आणि रंग पॅलेटला बांधलेले असतात, त्यामुळे पोशाखाचा रंग एका जागी बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. कॅमेरा चाळीच्या चौकातून वर फिरवायचा असेल तर ग्रीस पेन्सिल सोयीची. दोघांनी दोन वेगळी सॉफ्टवेअर धरू नका, रेषेची जाडी जुळत नाही. पैसे दुसऱ्या पेन टॅब्लेटवर घाला, स्क्रीन नसलेला साधा चालेल. बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क घ्या. उरलेले आवाजाच्या मिक्सिंगला ठेवा.

कीफ्रेम

गर्वाबद्दल लिहितो, कारण फिल्म त्यावरच उभी राहणार किंवा पडणार. ‘मी महान आहे’ असं पात्राने म्हटलं की प्रेक्षकाला माहिती मिळते, पण तो माणूस दिसत नाही. गर्व कृतीच्या क्रमात दाखवा. हाक ऐकू आली की साधा माणूस आधी हाकेकडे बघतो. महातेज आधी गॅलरीत कोण कोण उभं आहे ते बघतो, केस सारखे करतो आणि मग हाकेकडे वळतो. हाकेपासून वळण्यापर्यंत मध्ये ३० फ्रेम जाऊ द्या. सव्वा सेकंद ऐकायला थोडा वाटतो, पण मागे पाणी उडत असताना तो असह्य होतो, आणि तेच आपल्याला हवं आहे.

पोझ घेताना ६ ते ८ फ्रेम अँटिसिपेशन, म्हणजे छाती आधी थोडी आत जाते. मग ३ फ्रेममध्ये बाहेर, किंचित जास्तच, आणि ६ फ्रेममध्ये स्थिर. पुढचा होल्ड २४ फ्रेमचा ठेवा. तिथे एकच चित्र गोठवलं तर पडदा मेल्यासारखा वाटतो. त्याच पोझची तीन चित्रं पुन्हा ट्रेस करून फिरवत ठेवा, रेष जिवंत राहते आणि खर्च तीन चित्रांचाच.

शरीररचनेतही सांगता येतं. चाळकरी साडेसहा डोक्यांच्या उंचीचे (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या साडेसहा पट उंच) ठेवा, महातेज आठ डोक्यांचा, पण पाय बारीक. सगळं वजन छातीत. पात्रपत्रकात (पात्राच्या नमुना-चित्रांच्या पानावर) समोरून, पाऊण (थोडं वळलेलं), बाजूने आणि मागून अशी चार दृश्यं हवीत. चारही दृश्यं काळ्या रंगाने भरून बघा. नुसत्या आकृतीवरून तो ओळखू आला पाहिजे. छातीवरचं चिन्ह ढालीच्या किंवा हिऱ्याच्या आकारात घेऊ नका, निळ्या-लाल पोशाखापासूनही लांब राहा. लोकांना लगेच परदेशी हीरो आठवतात, आणि नावाजलेल्या चिन्हांवर ट्रेडमार्क असतात. चाळीच्या राखाडी-तपकिरी लाकडापुढे हळदीचा पिवळा उठून दिसेल.

माफीचं भाषण काढून टाका. तो अर्धा मिनिट तुमच्या लांबीच्या एक तृतीयांश होतो. त्याऐवजी तो पाठीवरचा झगा (केप) काढून फुटक्या पाइपला गुंडाळतो आणि रांगेत शेवटच्या जागी उभा राहतो. झगा हीच त्याची मिरवायची वस्तू, ती कामाला लागली की माफी मागून झाली. फायदा आणखी एक आहे: झगा हे सगळ्यांत महागडं चित्र असतं. शरीर थांबल्यावर त्याचं टोक २ ते ४ फ्रेम मागून येतं आणि त्यासाठी वेगळी चित्रं काढावी लागतात. शेवटच्या २० सेकंदांत झगाच नसेल तर तेवढं काम वाचतं.

आवाजखोली

संवाद कमी झाले तर बरंच. तरी जे असतील ते अ‍ॅनिमेशनच्या आधी रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर. मुंबईत घरी रेकॉर्ड करायचं तर रात्री १ ते ४, लोकल जवळजवळ नसतात त्या वेळेला. पंखा, एसी, फ्रिज बंद. उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून बोला, पाठीमागे दोन गोधड्या लटकवा. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ला हवेचा धक्का बसतो. प्रत्येक बैठकीत ३० सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजवायच्या.

ओठांसाठी सहा आकार पुरतात: मिटलेले (प, फ, ब, भ, म), पूर्ण उघडे (आ), ताणलेले (इ, ए), गोल (उ, ओ), जीभ दिसणारे (ल, त, द) आणि अर्धवट उघडे. मिटलेला आकार किमान २ फ्रेम टिकला पाहिजे. घाईत तोच गाळला जातो आणि मग डबिंग केल्यासारखं वाटतं. ऱ्हुबार्ब लिप सिंक हे आवाजावरून ओठांचे आकार ठरवणारं फुकट साधन मराठी आवाजावर वापरताना त्यातला फोनेटिक पर्याय निवडा, मूळ पर्याय इंग्रजीसाठी आहे. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणले की डोळ्याला बरोबर वाटतात.

एक चूक फार महागात पडते. प्रोजेक्ट २४ फ्रेमचा आणि एडिटिंगची टाइमलाइन २५ची. तुमच्या २१६० फ्रेम मग ८६.४ सेकंदांत संपतात आणि आवाज ३.६ सेकंद उरतो. पहिल्याच दिवशी दोन्ही जागी २४ तपासा. अंतिम चित्र थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी फ्रेममालिका (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं.

संगीतात आरतीची चाल घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा: चाल जुनी असली तरी बाजारातल्या रेकॉर्डिंगवर हक्क असतो. स्वतः वाजवून घ्या.

रेघोटी

खूप खूप आभार. ९० सेकंदांवर आणतोय, भाषणही काढलं. झग्याचा शेवट तिघांनाही पटला. दोन अडचणी राहिल्या. जिन्यातली रांग, सहा माणसं बादल्या देतायत, ती इतक्या चित्रांत कशी बसवायची? आणि सुरुवातीला रस्त्याचं एक दृश्य आहे, त्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आणि लाल डबलडेकर घेतली तर चालेल?

पागोळी

रस्त्याचं आधी सांगते. काळ ठरवल्याशिवाय रंगवू नका. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, आणि बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. कथा आजची असेल तर टॅक्सी नव्या गाडीची आणि डबलडेकर एसी इलेक्ट्रिक हवी. मुंबईचा प्रेक्षक पहिल्या पाच सेकंदांत हे पकडतो. जुन्याच हव्या असतील तर भिंतीवर कॅलेंडर लावून साल दाखवा.

दुकानांच्या पाट्यांवरची मराठी अक्षरं ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये टाइप करू नका, जोडाक्षरं फुटू शकतात. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पाथमध्ये (नुसत्या आकारांत) बदला आणि मग आणा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हे फाँट मोफत परवान्याचे आहेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतायत का ते डोळ्यांनी बघा.

आता रांग. बादली घेण्या-देण्याचा एकच २४ फ्रेमचा लूप करा, टूजवर १२ चित्रं. फ्रेम १ला खालच्याकडून बादली घेतली, फ्रेम १३ला वरच्याला दिली. शेजारच्या माणसाला तोच लूप १२ फ्रेम पुढे-मागे लावा, म्हणजे एकाचं देणं आणि दुसऱ्याचं घेणं नेमकं एका फ्रेमवर येतं. एकाआड एक माणसं सारख्याच तालात असतील, त्यामुळे तीन वेगळी शरीरं काढली तरी सहा जणांची रांग होते, एकूण ३६ चित्रं. बादली वेगळ्या लेअरवर ठेवा. बादली घेतल्यावर ४ फ्रेम गुडघे वाकू द्या आणि खांदा त्या बाजूला झुकू द्या, नाहीतर बादली रिकामी वाटते. महातेज मात्र या लूपमध्ये बसवू नका. त्याला सवय नाही, त्याचं घेणं ४ फ्रेम उशिरा येऊ द्या आणि थोडं पाणी त्याच्या पायावर सांडू द्या. त्याची १६ चित्रं वेगळी काढा. फिल्ममध्ये सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो याच चित्रांना.