लग्नात पाहुणे दारात येतात तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

लांबून आलेल्या माणसाला दारातच कोणी "या या, वाटच बघत होतो" म्हटलं की निम्मा शीण तिथेच जातो. आणि कोणीच विचारलं नाही तर तो पिशवी सांभाळत अवघडून उभा राहतो, हे मला बघवत नाही. तुमच्याकडे काय केलं होतं, पाहुणे म्हणून काय आवडलं, सगळं लिहा.

~

ताईच्या लग्नात आत्याकडे फक्त दाराचं काम होतं, दुसरं काहीच नाही, कारण दोन्हीकडची बरीचशी माणसं तिला चेहऱ्याने माहीत. "तुम्ही दादाच्या ऑफिसातले ना? चला, तुमची मंडळी तिकडे बसलीयेत" म्हणत ती थेट खुर्चीपर्यंत सोडून यायची. नुसती हसत उभी राहणारी दहा जणं ठेवण्यापेक्षा अशी एक आत्या पुरते.

~

मी मैत्रिणीच्या लग्नाला एकटीच गेलेले, तिच्याशिवाय कोणाची ओळख नाही आणि नवरी काय दारात येणार नव्हती. तर तिच्या भावाने मला चक्क नावाने हाक मारली! तिने त्याला आधीच माझा फोटो दाखवून ठेवला होता. मग त्याने मला तिच्या शाळेतल्या एका मुलीशेजारी नेऊन बसवलं, "ही पण तुझ्यासारखी एकटीच आलीये, गप्पा मारा" एवढं बोलून तो पळाला, आम्ही शेवटपर्यंत एकत्र होतो. एकट्या आलेल्या माणसाला पाण्याच्या ग्लासाआधी सोबत द्या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

~

वयस्कर लोकांसाठी: गाडी दारापर्यंत येऊ द्या, पायऱ्या असतील तर हात द्यायला कोणीतरी हवं, आणि खुर्ची स्पीकरपासून लांब. बाथरूम कुठेय ते न विचारता हळूच सांगून ठेवायचं, विचारायला संकोच वाटतो त्यांना.

~

स्पीकरच्या मुद्द्याला +१, आजोबांना त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही कळत नाही.

~

आम्ही लोकेशन पाठवताना गेटचा फोटोही टाकला होता, कारण मॅप मागच्या बाजूला नेतो. सोबत चुलतभावाचा नंबर दिला, आईबाबांचा नाही, त्या गडबडीत त्यांचा फोन कोण उचलणार?

~

उशिरा येणाऱ्यांसाठीही दारात कोणीतरी थांबा प्लीज. विधी सुरू झाले की सगळे आत पळतात, आणि नेमके लांबचे पाहुणे तेव्हाच पोचतात.