मदत हवी आहे: परदेशातली समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी

आई-बाबांना घेऊन जातोय. व्हिसा झाला, पासपोर्टही परतल्यावर सहा महिन्यांच्या पुढे चालतील. अडलंय सनस्क्रीनवर. प्रवाळाला घातक म्हणून हवाई, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांकडे ऑक्सिबेन्झोन (ऊन अडवणारं एक रसायन) असलेलं क्रीम विकायलाच बंदी आहे, तेव्हा झिंक ऑक्साइडचं घ्यावं म्हणतोय. पण त्याने चेहरा पांढराफटक दिसतो, आई लावून घेणार नाही! कमी पांढरं दिसणारं कुठलं वापरलंय का कुणी?

दुसरं, मी शेवटच्या दुपारी स्कूबा (हवेची टाकी घेऊन समुद्रात डुबकी, म्हणजे डाइव्ह) ठेवलंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच विमान. जास्त डाइव्ह केल्या तर उड्डाणाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत म्हणतात. स्कूबाच अलीकडे घ्यावं ना? साध्या प्रवास विम्यात ते धरतात की वेगळे पैसे भरावे लागतात?

बाबांच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवतोय. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली होती का?