सुट्टीत जवळ वणवा पेटला तर कधी निघायचं?

प्रश्न: डोंगरातल्या लाकडी घरात आठवडाभर राहणार आहोत. सोबत सासूबाई, त्यांना भरभर चालवत नाही. धूर दिसला तर अंदाज घ्यावा की लगेच निघावं?

उत्तर: लगेच. आदेशाची वाट बघू नका, सासूबाई सोबत असताना तर नाहीच. आग चढावर पळते. उतार १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून माथ्याकडे जाऊ नका. आम्ही एकदा अशाच वणव्यातून निघालो तेव्हा भरदुपारी हेडलाइट लावूनही पुढची गाडी दिसत नव्हती. काचा बंद ठेवा, बाहेरची हवा आत घेऊ नका. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर वणव्यामुळे सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं, कित्येकांना पायी. पोचल्या दिवशीच बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवा.

दुसरं उत्तर: औषधं, पासपोर्ट एकाच पिशवीत. सुती कपडे घाला, नायलॉन अंगावर वितळतं. एन९५ मास्क घ्या, रुमालाने बारीक धूर अडत नाही.

प्रश्नकर्ती: आणि रस्त्यातच अडकलो तर?

उत्तर: झाडझुडूप नसलेल्या जागी गाडी थांबवा, आतच राहा. खिडकीच्या खाली वाका, लोकरीचं पांघरूण ओढून घ्या. सासूबाईंसाठी ते आत्ताच गाडीत ठेवा.